गाडी किती ‘देते’?

नवी मोटार दारात उभी राहिली की मराठी मुलखात पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘ॲव्हरेज किती देते?’ घोटाळा या क्रियापदातच आहे. देणारी गाडी, घेणारा मालक. म्हणजे नासाडीचा दोषही यंत्राचाच. इतिहास मात्र बोट दाखवतो ते चालकाच्या उजव्या पायाकडे.

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात पेट्रोलचे रेशनिंग आले. बसगाड्यांना कोळशाच्या भट्ट्या जोडल्या गेल्या आणि त्यांतल्या वायूवर वाहतूक रेटली गेली. ताकद कमी, त्यामुळे चढावर गाडी दमे. युद्ध संपले, भट्ट्या गेल्या, आणि काटकसरही त्यांच्याबरोबरच गेली.

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटले. पिंपामागे सुमारे ३ डॉलरचे कच्चे तेल काही महिन्यांत १२ डॉलरच्या घरात पोहोचले. अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले, ते याच काळात. ते दृश्य सर्वांच्या लक्षात राहिले. परंतु अधिक बोधप्रद घटना १९७४ ची आहे. अमेरिकेने महामार्गांवरील वेग ताशी ५५ मैलांवर, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरवर आणला. त्यामागे साधे भौतिकशास्त्र होते: वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. भारतात १९७८ मध्ये ‘पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन’ स्थापन झाली. ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग, टायरांत योग्य हवा, क्लचवर पाय न ठेवणे, थांबल्यावर इंजिन बंद करणे, हा तिचा उपदेश आजही जुना झालेला नाही.

या उपदेशाला शिस्तीचे रूप दिले ते एसटीने. तिची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली (नांदूरघाट तेव्हा अजून निजामाच्या राज्यात होते). आगारात ‘केएमपीएल’चा हिशेब चालकाच्या नावावर मांडला जातो, नुसत्या गाडीच्या नव्हे. खासगी मोटारमालकाने उचलावी अशी गोष्ट हीच.

केज तालुक्यात रेल्वे नाही. नांदूरघाटच्या माणसाला सडकेवाचून गत्यंतर नाही. समजा, रोज ४० किलोमीटरची ये-जा आहे आणि लिटरला १६ चे १८ किलोमीटर झाले. महिन्याच्या २५ फेऱ्यांत सुमारे ७ लिटर वाचतात. लिटरला १०० रुपये धरले तरी ७०० रुपये. खड्डे आणि लादलेले ओझे यांपुढे चालकाचे कौशल्य थिटे पडते, हा आक्षेप खरा आहे. पण तो बहुधा ताशी ९० च्या वेगाने जाणाराच घेतो!

एक जुनी समजूत मात्र मोडलीच पाहिजे. उतार लागला की गाडी न्यूट्रल करणे ही कार्ब्युरेटरच्या जमान्यातली काटकसर. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गियर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, तर इंधनाचा पुरवठा जवळजवळ थांबतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहण्यापुरते तेल जळतच राहते. शिवाय इंजिनचा आवर सुटतो आणि सारा भार एकट्या ब्रेकवर येतो.