काचेपुढे काच

माझा भाचा फोटोग्राफर आहे. म्हणजे नोकरी बँकेत करतो, पगार तिथून घेतो आणि त्यातला बराचसा कॅमेऱ्याच्या दुकानात नेऊन भरतो. ह्या व्यवहाराला तो ‘छंद’ म्हणतो. माझ्या ताईला, म्हणजे त्याच्या आईला, ह्यासाठी दुसरा शब्द सुचतो. पण तो छापण्यासारखा नाही.

गेल्या पावसाळ्यात स्वारी चार दिवसांसाठी माझ्याकडे चिंचपाड्याला आली. चिंचपाडा म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्यातलं, सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावरचं एक लहान स्टेशन आणि भोवतीचं गाव. आमच्या गावाचं नाव छापून येतं ते मुख्यतः रेल्वेच्या वेळापत्रकात. गाडी थांबते तीही उपकार केल्यासारखी. त्या तेवढ्या वेळात आधी एक बॅग उतरली, मग दुसरी, मग ट्रायपॉड, मग एक लांबट नळकांडं आणि सगळ्यात शेवटी, चालत्या गाडीतून, भाचा.

“कपड्यांची बॅग कुठंय रे?” मी विचारलं.

“मामा, कपडे लेन्सच्या बाजूला आहेत. तेवढंच मऊ राहतं.”

चार दिवस, पावसाळा आणि दोन शर्ट. तेही लेन्सच्या सेवेत!

रात्री जेवणं झाल्यावर त्याने सतरंजीवर सगळा संसार मांडला. चपट्या डब्या, डबीत मखमल, मखमलीत काच. शाळिग्रामाला आमच्या आजोबांनीही इतका मान दिला नव्हता. हा यूव्ही, हा स्कायलाइट, हा पोलरायझर, हे तीन एनडी, ह्याने दिव्यांच्या चांदण्या होतात, हा वरून काळा आणि खालून पांढरा. त्यातही चपलांसारखे नंबर : 52, 67, 77. एका लेन्सचा फिल्टर दुसरीला बसत नाही. तो बसवायला रिंगा, रिंगांना वेगळी पिशवी आणि पिशवीला तीन चेनी.

“ह्यातलं तू वापरतोस किती?”

“तसं नाही मामा. जवळ असावं.”

हे ‘जवळ असावं’ मी ओळखतो. आमच्या घरी बाराही महिने कुकरच्या जुन्या रिंगा ह्याच कारणासाठी जपलेल्या असतात. पण कुकरच्या रिंगा कुणी गळ्यात अडकवून डोंगर चढत नाही. तर वाचकहो, मी ह्या काचांच्या विरुद्ध आहे, आणि का आहे ते आज एकदाचं सांगून टाकतो. मी अडाणी म्हणून बोलत नाही. रोलच्या जमान्यात मीही पिवळी काच लावून ढग काढलेले आहेत. सुटलेल्या दारुड्याइतका दारूबंदीचा दुसरा प्रचारक नसतो.

प्रथम यूव्ही फिल्टर घ्या. रोलच्या काळात ह्या काचेला काम होतं. फिल्मला अतिनील किरण टिपायची सवय होती. त्यामुळे लांबचे डोंगर निळसर, धुरकट यायचे. डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरच्या पुढे कंपनीने आधीच ते किरण अडवणारी काच बसवलेली असते. म्हणजे आपण पैसे मोजून दाराबाहेर जो गुरखा ठेवतो, तो ज्या चोराची वाट पाहतो त्याला आतल्या गुरख्याने कधीच पकडलेला असतो.

हे दुकानदारालाही माहीत असतं. म्हणून तो हल्ली किरणांचं नाव काढत नाही. तो म्हणतो, “साहेब, पंचवीस हजारांची लेन्स घेतलीत. तिच्या रक्षणाला आठशेची काच नको?” इथे मध्यमवर्गीय माणूस संपतो. रक्षण म्हटलं की आपण ताईत घेतो, विमा घेतो, टीव्हीवर क्रोशाचं आच्छादन घालतो. पुढे कधी तरी कॅमेरा आपटतो, फिल्टर फुटतो आणि मालक जन्मभर सांगत सुटतो, “फिल्टर फुटला म्हणून लेन्स वाचली!” अहो, ती पातळ काच आहे. जिथे लेन्सच्या पुढच्या जाड भिंगाला ओरखडाही गेला नसता तिथेही ती फुटते. दारात मडकं ठेवावं, मांजराने ते फोडावं आणि आपण म्हणावं, मडक्यामुळे दरोडा टळला!

आता ह्या रक्षणाची किंमत बघा. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे 4 टक्के प्रकाश परत फिरतो. 1935 साली जर्मनीत झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला ह्या गृहस्थांनी काचेवर अतिशय पातळ थर देऊन हे परावर्तन कमी करण्याची युक्ती काढली. तेव्हापासून शहाणी माणसं लेन्समधली चमक मारण्यासाठी डोकं झिजवताहेत. आणि आपण त्या सगळ्या मेहनतीच्या तोंडावर आठशे रुपयांची काच फिरवून बसवतो! दिवसा हे खपून जातं. रात्री दिवे समोर आले की त्यांची भुतं फोटोत उलटी उतरतात. एका लग्नात मी काढलेल्या फोटोत वरमाईच्या कपाळावर दोन हिरवे दिवे आले होते. तिच्या स्वभावाची ज्यांना कल्पना होती त्यांनी फोटोची फार तारीफ केली. माझं त्या घरचं जेवण मात्र कायमचं बंद झालं.

काठीच्या होळीला जाताय? सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या टापांखालची धूळ खाणार आहात? तर लावा बापडे पुढे एक चांगली काच, घरी आलात की काढा. पण रोजच्या धक्क्यांसाठी लेन्सचं हूड पुरतं. ते धक्का खातं, तिरपं ऊन अडवतं आणि प्रकाशाच्या वाटेत येत नाही. आपल्याकडे हूड उलटं बसवून हिंडण्याची पद्धत आहे, हा भाग वेगळा.

मग रंगीत काचा. पिवळसर ऊब देणाऱ्या, निळसर गारवा देणाऱ्या. फिल्मचा रोल एकदा कॅमेऱ्यात घातला की त्याचा स्वभाव बदलत नसे, म्हणून ह्या काचा लागत. आता ते काम व्हाइट बॅलन्सचं एक बटण करतं. शिवाय भाच्याला मी विचारलं, “तुझ्या कॅमेऱ्यात किती मेगापिक्सल?” “चोवीस,” तो ताठ होऊन म्हणाला. म्हटलं, “म्हणजे तुझ्या कॅमेऱ्यात 2 कोटी 40 लाख फिल्टर आहेत.” कोडॅकमधल्या ब्राइस बायर ह्यांना 1976 साली ज्या रचनेचं पेटंट मिळालं तीच आजही बहुतेक कॅमेऱ्यांत असते. सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर स्वतःचा एक चिमुकला रंगीत फिल्टर : निम्मे हिरवे, पाव लाल, पाव निळे. दोन कोटी चाळीस लाख फिल्टर पोटात घेऊन हिंडणारा माणूस आणखी एका फिल्टरसाठी हप्ते भरतो!

उगाच अन्याय नको. दोन काचा खऱ्या आहेत. पोलरायझर पावसाळ्यात पानांवरची पांढरी चकाकी काढून टाकतो आणि आतला हिरवा रंग मोकळा करतो. पाण्यावरची झळाळी घालवून तळातले गोटे दाखवतो. चकाकीखाली जे टिपलंच गेलं नाही ते घरी कॉम्प्युटरवर परत मिळत नाही. दुसरा एनडी. हा फक्त प्रकाश कमी करतो, म्हणजे शटर भर उजेडातही जास्त वेळ उघडं ठेवता येतं. तोरणमाळच्या सीताखाईचा धबधबा पिंजलेल्या कापसासारखा दाखवायचा असेल तर दुसरा उपाय नाही. आणि सूर्यग्रहण टिपताना सूर्याचा खास फिल्टर लावलाच पाहिजे. तिथे माझा विरोध मी बिनशर्त मागे घेतो.

माझं भांडण काचेशी नाही, क्रमाशी आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स ह्यांनी 1927 साली ‘हाफ डोम’ नावाच्या प्रचंड कड्याचा फोटो काढला. आधी पिवळा फिल्टर लावला. मग लक्षात आलं की कडा आपल्याला जसा भव्य भासतो तसा ह्यात येणार नाही. आकाश काळंभोर हवं. उरलेल्या शेवटच्या प्लेटसाठी त्यांनी गडद लाल फिल्टर लावला, आणि तो फोटो जगात गाजला. म्हणजे आधी कडा मनात भरला, मग काच हातात आली. आमच्याकडे आधी काच हातात येते, मग तिला शोभेल असा कडा शोधत आम्ही हिंडतो.

भाच्यालाही तसंच झालं. धबधबा दूर, पाऊस मुसळधार, आणि दहा स्टॉपचा नवाकोरा एनडी खिशात चुळबुळ करतोय. शेवटी बाजाराच्या दिवशी त्याने ट्रायपॉड स्टेशनच्या रस्त्यालाच लावला. तिथे आसपासच्या पाड्यांवरच्या बाया कर्टुली, बांबूचे कोंब, अळंबी, कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन ओळीने बसल्या होत्या. ह्या काचेने प्रकाश साधारण हजारपट कमी होतो. जो फोटो सेकंदाच्या साठाव्या भागात निघाला असता त्याला सतरा सेकंद लागले. बायांना वाटलं, एवढा वेळ लागतोय त्या अर्थी पोरगा आपल्याला अगदी नीट काढतोय.

“मामा, बघा, काय मूड आलाय!” भाचा आनंदला होता. मी बघितलं. झाड आलं होतं. विजेचा खांब आला होता. टोपल्या, त्यांतलं एकेक कर्टुलं, सगळं लख्ख. माणसं तेवढी नव्हती. सतरा सेकंदांत जो जो हलला त्याचा धूर झाला होता.

पहिल्या टोपलीवाली म्हातारी उठून आली. पडद्यात वाकून पाहिलं आणि म्हणाली, “टोपली माझी हाय. मी कुठंय?”

“मावशी, तुम्ही हललात ना,” भाचा म्हणाला.

“हलले नाही तर भाजी कोण विकंल?”

ह्यावर भाच्याजवळ काही उत्तर नव्हतं. माझ्याजवळही नव्हतं. मी इतकी वर्षं इथे राहतोय. बाहेरून येणाऱ्यांनी काढलेले इथले डोंगर पाहिलेत, ढग पाहिलेत. त्या डोंगरांत राहणारी माणसं मात्र बहुधा अशीच, कडेला कुठे तरी, धुराएवढी. आणि हा धूर काढायला माझ्या भाच्याने नऊ हजार रुपये खर्च केले होते!

“काढ ती काच,” मी म्हटलं. त्याने फिरवली, हलेना. पावसाळी हवेत ती रिंग लेन्सला जी चिकटली ती सुटायचं नाव घेईना. भाच्याचा चेहरा एनडी लावल्यासारखा काळवंडला. तेव्हा मला आमच्या सौ.ची लोणच्याच्या बरणीची युक्ती आठवली. म्हातारीच्या कोथिंबिरीच्या जुडीचं रबर मागून घेतलं, फिल्टरच्या कडेला गुंडाळलं, हलक्या हाताने फिरवलं, आणि काच सुटली.

मग उघड्या लेन्सने फोटो निघाला. म्हातारीने पदर नीट केला, तहसीलदारांसमोर बसावं तशी ताठ बसली आणि सेकंदाच्या साठाव्या भागात अख्खी आली. सुरकुत्यांसकट, कपाळावरच्या गोंदणासकट. नवापूरहून प्रिंट आणून पुढच्या बाजारी मी तिला दिला. तिने तो बराच वेळ हात लांब धरून पाहिला, पदराने पुसला आणि टोपलीत, भाजीच्या खाली नाही, वर ठेवला. मला पावशेर कर्टुली दिली. पैसे घेतले नाहीत. रबराचेही नाहीत.

भाच्याने अजून फिल्टर विकलेले नाहीत. व्यसनं अशी एका फेरीत सुटत नसतात. पण ते रबर त्याने एका चपट्या डबीत, मखमलीवर ठेवलंय. कुठल्या नंबरच्या लेन्सला बसतं, असं मी परवा फोनवर विचारलं.

“सगळ्या, मामा,” तो म्हणाला.