मुलांना कुठवर न्यावे?

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही सहकुटुंब पणजीला गेलो होतो. संध्याकाळी मांडवीच्या काठी, अ‍ॅबे फारियाच्या पुतळ्यापाशी उभे असताना नदीतल्या झगमगत्या बोटी पाहून माझ्या नऊ वर्षांच्या भावाने विचारले, "तिथे काय असते?"

बाबा म्हणाले, "काही नाही, चल."

मला ते पटले नाही. तिथे जुगार चालतो, २१ वर्षांखालील कोणालाही आत घेत नाहीत आणि पैसे लावणारा बहुधा हरूनच परततो, एवढे सांगायला काय हरकत होती? नदीचा काठ सर्वांचा आहे. तो मुलांपासून लपवता येत नाही.

पण दुसऱ्या रात्री अकरा वाजता आम्हीच त्याला बागा येथील बारच्या गल्लीत नेले. कानठळ्या बसवणारे संगीत, झिंगलेली माणसे, आणि बाबांचा हात धरून पेंगत चाललेला हा! तिथे त्याचे काय काम होते? हौस आमची होती, आणि हट्ट तर माझाच होता.

मोठ्यांनी मौज करू नये, असे मी म्हणत नाही. मात्र एकाने मुलांपाशी थांबावे. त्या रात्री ती पाळी माझी होती.