झोपेची गोळी सोडविताना : पादांश किती, अंतर किती?

‘वैद्यबुवा, बाकी सगळे राहू द्या, ती झोपेची गोळी तेवढी सोडवा.’ ही विनंती ऐकली नाही असा चिकित्सक आपल्या संघटनेत विरळाच असेल. रुग्ण आठ-आठ, दहा-दहा वर्षे अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम घेत असतो. कधी पतिनिधनानंतर, कधी शस्त्रक्रियेनंतर पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी किराणामालाच्या यादीप्रमाणे दरमहा घरात येत राहिलेली असते. आपल्यापैकी पुष्कळांचे यावरील उत्तरही ठरलेले असते : ‘आजपासून ती बंद, हे चूर्ण रात्री दुधातून घ्या.’ या उत्तराविषयी मला लिहावयाचे आहे, कारण ते मीही दिलेले आहे.

२००८ साली, व्यवसायाच्या पाचव्या वर्षी, पन्नाशीच्या एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. अल्प्राझोलाम अर्धा मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा, असे सहा वर्षे चालू होते. ‘अर्धा मिलिग्रॅम म्हणजे ते काय!’ असे मी हसून म्हटल्याचे मला आजही आठवते. गोळ्यांची पट्टी मी टेबलाच्या खणात टाकली ती परत दिलीच नाही. अश्वगंधा, जटामांसी आणि रात्री शिरोभ्यंग अशी योजना करून दिली. तिसऱ्या दिवशी सायंकाळी बाईंना स्वयंपाकघरात आकडी आली आणि त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी हलवावे लागले. त्या वाचल्या. पुढे माझ्याकडे आल्या नाहीत. त्यांचे यजमान मात्र एकदा येऊन उरलेले चूर्ण परत करून गेले. ते रागावले असते तर मला बरे वाटले असते.

ज्या अर्ध्या मिलिग्रॅमला मी हसलो तो काय होता, हे मला नंतर वाचनातून कळले. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे १९८२ ते १९९४ या काळात प्रा. हीदर ॲश्टन यांनी केवळ या गोळ्या सोडविण्यासाठी चिकित्सालय चालविले व त्या अनुभवावर एक मार्गदर्शिका लिहिली. त्यांच्या समतुल्य मात्रांच्या कोष्टकात अल्प्राझोलामचा अर्धा मिलिग्रॅम हा डायझेपामच्या दहा मिलिग्रॅमच्या बरोबरीने मांडला आहे. म्हणजे बाईंची रोजची मात्रा तीस मिलिग्रॅम डायझेपामइतकी होती आणि ती मी एका सकाळी शून्यावर आणली होती.

या वर्गातील पहिले औषध १९६० मध्ये बाजारात आले, डायझेपाम १९६३ मध्ये. मेंदूतील ‘गाबा’ या शामक द्रव्याचा परिणाम ही औषधे वाढवितात. महिनोन् महिने असे बाह्य साहाय्य मिळाले की मज्जासंस्था त्याला सरावते, स्वतःचे शमन आखडते घेते. साहाय्य एकाएकी काढले की उरतो तो केवळ क्षोभ. अनिद्रा, कंप, धडधड, घाम, कानात नाद, प्रकाश व आवाज सहन न होणे ही त्याची सौम्य रूपे. आकडी आणि भ्रमावस्था ही गंभीर रूपे, आणि त्यांत मृत्यूही संभवतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये या संपूर्ण वर्गाच्या वेष्टनपत्रावर याविषयीचा सर्वांत कडक इशारा छापणे बंधनकारक केले.

आता आपल्या ग्रंथांकडे वळू. अंगवळणी पडलेले अहित कसे सोडावे, हे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगितले आहे आणि वाग्भटानेही, योगायोगाने, सूत्रस्थानाच्या सातव्याच अध्यायात. एकदम त्याग नको. पादाने, म्हणजे चौथ्या हिश्शाने, किंवा पादाच्याही पादाने सोडावे, हा वाग्भटाचा आशय. ऋतुचर्येच्या अध्यायात तर सवयीचे एकाएकी सोडणे व नव्याचे एकाएकी धरणे यांतूनच असात्म्यज रोग होतात, असे तो बजावतो. हे आपण सर्वांनी पाठ केले, परीक्षेत लिहिले. २००८ च्या त्या सकाळी मला ते आठवले नाही, एवढेच.

पादाचा पाद म्हणजे सोळावा हिस्सा, शेकडा सव्वासहा. अमेरिकेतील अनेक वैद्यकीय संघटनांनी २०२५ मध्ये संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत आरंभीची घट शेकडा पाच ते दहा असावी असे म्हटले आहे. हा मेळ पाहून मलाही क्षणभर आनंद झाला. परंतु ‘आमच्याकडे हे आधीच होते’ असे व्यासपीठावरून सांगण्याचा मोह कृपया आवरावा. वाग्भटापुढे आहार-विहाराच्या सवयी होत्या, गाबा नव्हता. त्याने दोन टप्प्यांमध्ये एक, दोन, तीन दिवसांचे अंतर सांगितले आहे. ते अंतर या गोळ्यांना लावले तर महिन्या-दोन महिन्यांतच सगळी मात्रा उतरेल आणि दीर्घकाळ गोळी घेतलेला रुग्ण पुन्हा त्याच आकडीपाशी पोचेल. वरील सूचनांत दोन घटींमधील अंतर दोन ते चार आठवड्यांचे आहे, आणि दोन आठवड्यांत पंचवीस टक्क्यांपलीकडे सामान्यतः जाऊ नये असे बजावले आहे. थोडक्यात, मात्रेचे माप ग्रंथातले घ्यावे, अंतर मात्र घेऊ नये. शिवाय सोळावा हिस्सा धरावयाचा तो त्या वेळी चालू असलेल्या मात्रेचा, आरंभीच्या मात्रेचा नव्हे.

येथे अडचण उभी राहते ती गोळीची. अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीचा सोळावा भाग सुरीने कापता येत नाही, तिचा भुगा होतो. म्हणून रुग्ण घरीच गोळी पाण्यात मिसळून सिरिंजने मोजू लागतात. काही देशांत तयार द्रवरूप औषध मिळते, नेदरलँड्समध्ये रोज किंचित कमी मात्रेच्या पुड्यांची पट्टी बनवून मिळते. आपल्याकडील रुग्ण मात्र बाटली आणि चमचा घेऊन बसतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, औषधे कमी करण्याविषयीच्या ‘मॉड्स्ली’ मार्गदर्शिकेत तयार द्रव न मिळाल्यास गोळी पाण्यात विखुरण्याचा पर्याय विचारात घेतला आहे. तेव्हा या पद्धतीची टवाळी करण्याचे कारण नाही. पण भैषज्यकल्पना शिकलेल्या माणसाने तिच्याकडे डोळसपणे पाहावे.

२०२३ मध्ये माझ्याकडे एक निवृत्त लिपिक आले. क्लोनाझेपाम अर्धा मिलिग्रॅम, रात्री एकदा, नऊ वर्षे. त्यांनी स्वतःच्याच मनाने प्रयोग चालविला होता : आठ गोळ्या कुटून एका बाटलीभर पाण्यात टाकावयाच्या आणि त्यातून रोज ठराविक माप, दर बाटलीला थोडे कमी, घ्यावयाचे. वही मात्र सरकारी शिस्तीची होती. ती वही चाळताना एक गोष्ट दिसली. प्रत्येक बाटलीच्या पहिल्या तीन-चार रात्री ‘झोप नाही, छातीत धडधड’, आणि शेवटच्या दोन दिवसांत ‘दुपारपर्यंत गुंगी’. एकदा तर न्हाणीघरात पडल्याची नोंद. क्लोनाझेपाम पाण्यात जवळपास विरघळत नाही. बाटलीत होते ते द्रावण नव्हते, चूर्ण मिसळलेले पाणी होते. औषध तळाशी बसत होते, वरचे पाणी आधी आणि गाळ शेवटी पोटात जात होता. गृहस्थांना वाटत होते की मात्रा हळूहळू उतरते आहे. प्रत्यक्षात ती दर आठवड्याला झोके घेत होती. काढा आणि चूर्णोदक यांतला भेद ज्याला ठाऊक, त्याला हे सांगावे लागू नये.

मी त्यांना, चिठ्ठी देऊन, मानसरोगतज्ज्ञांकडे पाठविले. तज्ज्ञांनी मात्रा पुन्हा एका गोळीवर स्थिर केली आणि काही आठवड्यांनी नवी रीत लिहून दिली. बाटली नाही. रोज एक गोळी, पन्नास मिलिलिटर पाणी, गोळी पूर्ण फुटेपर्यंत थांबणे, नीट हलवून लगेच सिरिंजने तीन मिलिलिटर काढून फेकणे, उरलेले पिणे आणि भांडे विसळून तेही पिणे. फेकावयाचा भाग मोजावा, प्यावयाचा नव्हे, ही त्यातील खुबी मला फार आवडली. मोजण्यात चूक झाली तरी ती तीन मिलिलिटरपुरतीच राहते. दीर्घकाळ हळूहळू औषध सोडणाऱ्या गोळ्या मात्र अशा कधीही फोडू नयेत. त्या पट्टीवर ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ ही अक्षरे असतात, ती वाचण्याची सवय आपणही लावून घ्यावी.

आपले काम काय, असे कोणी विचारील. आधुनिक औषधे लिहिण्याच्या अधिकाराचा जुना वाद मी येथे उकरून काढीत नाही. मात्रेचा आराखडा ज्याने गोळी दिली त्याने किंवा तज्ज्ञाने करावा. अपस्माराचा इतिहास, गर्भावस्था, मद्यपान असेल तर त्याला पर्याय नाही. आपल्याकडे उरते ते कमी महत्त्वाचे नाही : अभ्यंग, पादाभ्यंग, काशाच्या वाटीने तळपाय घासणे, सोसत असल्यास रात्री म्हशीचे दूध, आणि रुग्णाचे म्हणणे ऐकून घेण्यास लागणारा वेळ, जो मोठ्या रुग्णालयांत मिळत नाही. या काळात तीव्र शोधन करू नये असे माझे मत आहे. वातक्षोभाने थरथरणाऱ्या रुग्णाला विरेचन देणे मला धाडसाचे वाटते. अश्वगंधारिष्ट व सारस्वतारिष्ट या गोळ्यांबरोबर सरसकट दिली जातात, तेथे बाटलीवर छापलेले मद्यांशाचे प्रमाण कृपया वाचावे. मद्य आणि ही गोळी यांची गुंगी एकमेकांत भर घालते. तगर, जटामांसी, सर्पगंधा एकदम सुरू केली तर कोणत्या बदलाने काय झाले हे कोणालाच कळत नाही.

औषधविक्रेत्या बंधूंनाही एक विनंती आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम ही २०१४ पासून एच-१ परिशिष्टात आहेत. त्यांची नोंदवही ठेवावी लागते व ती तीन वर्षे जपावी लागते. जुन्याच चिठ्ठीवर वर्षानुवर्षे पट्ट्या देऊ नयेत हे खरेच. पण नऊ वर्षांच्या गिऱ्हाइकाला एके दिवशी ‘आता मिळणार नाही’ म्हणून परत पाठविणे, हाही एक सहसात्यागच होय. त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे धाडावे, शक्य तर स्वतः दूरध्वनी करून.

त्या लिपिकांची मात्रा दीड वर्षाने ०.१४ मिलिग्रॅमवर आली. तेव्हा त्यांनी विचारले, ‘आता एवढीशीच राहिली, सोडूनच देऊ का?’ मात्रा जितकी लहान, तितका तिच्यातील प्रत्येक सूक्ष्म घटीचा परिणाम मोठा, हे त्यांना तज्ज्ञांनी समजावले होते, तरीही विचारले. मी वही मागितली, पुढील घटीची तारीख तीन आठवड्यांनंतरची होती. ती तशीच ठेवली.