झाडासोबत माती येते

कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी नाशिकच्या तपोवनातील सुमारे १,८०० झाडांवर कुऱ्हाड चालवायचा घाट घातला गेला. लोक खवळले, तेव्हा सरकारने तोडगा काढला : आंध्रातील राजमहेंद्रीहून १५,००० झाडे आणू. एवढी वाढलेली झाडे मुळांभोवतीच्या मातीसकटच येतात. झाडांचा आकडा जाहीर झाला, उंची जाहीर झाली. त्या मातीत काय आहे, हे कोण तपासणार? आमचा संताप आहे तो इथे.

मातीतून काय येते, हे विदर्भातल्या संत्रा बागायतदाराला विचारा. ‘डिंक्या’ त्याने भोगला आहे. खोडातून डिंक ओघळू लागतो, तोवर खाली तंतुमुळे कुजून गेलेली असतात. या रोगाला कारण असलेला फायटोप्थोरा बागेत शिरतो तो बहुतेकदा रोपवाटिकेच्या पिशवीतून, जंबेरीच्या खुंटासोबत. साचलेल्या पाण्यात त्याचे बीजाणू पोहत मुळांपर्यंत पोहोचतात. निरोगी रोप घ्या, कलमाचा डोळा जमिनीपासून उंच ठेवा, पाणी तुंबू देऊ नका, असे नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ सांगून थकले. पाच एकरांच्या शेतकऱ्याने हे पाळायचे आणि सरकारने हजारो झाडे आणताना विसरायचे, हे चालणार नाही.

याच कुळातल्या रोगाने न्यूझीलंडमधील कौरी हे शंकुधारी वृक्ष मरत आहेत. शेकडो वर्षे उभे असलेले वृक्ष. एकदा मुळे सडली की हमखास इलाज नाही. वैताकेरेच्या डोंगरात डिसेंबर २०१७ मध्ये स्थानिक माओरींनी ‘राहुई’ म्हणजे प्रवेशमनाई पुकारली, पुढच्या वर्षी ऑकलंडच्या पालिकेने जंगलवाटा बंद केल्या. कौरीच्या रानात जायचे तर बूट घासून, जंतुनाशकाने धुऊन जायचे. बुटाला चिकटलेल्या चिमूटभर चिखलाची तिथे एवढी धास्ती आहे. आपण ट्रकच्या ट्रक माती आणतो.

कायदा नाही, ही सबब कोणी सांगू नये. परदेशातून मातीसह रोप आणायला २००३ च्या वनस्पती-आयात आदेशाने मनाई आहे. देशांतर्गत निर्बंधांची सोय १९१४ च्या कीड-रोगविषयक कायद्यात आहे; केळीच्या पर्णगुच्छ रोगासाठी ती वापरलीही गेली. मग झाडांसाठी का नाही?

भिवंडीकरांनी हा फक्त नाशिकचा प्रश्न समजू नये; बाहेरची माती इथेही येते. माणकोली, पूर्णा, काल्हेर, वळ या पट्ट्यात भातखाचरे मुरूम-डबराने भरून गोदामे उठली. भराव झाडांच्या बुंध्यावर चढतो, मुळांचा श्वास कोंडतो, पावसाळाभर पाणी हटत नाही. मूळकुजीला याहून सोयीची जागा कोणती? झाड तोडायला परवानगी लागते. मुळे गाडून मारले तर साधा पंचनामाही होत नाही. मग फाटकाशी बाहेरून आणलेली शोभेची झाडे लावून त्यालाच हरितपट्टा म्हणायचे. त्यांच्या मातीचाही दाखला कोणी मागत नाही.

राजमहेंद्रीच्या झाडांच्या मुळांचे आणि मातीचे नमुने पहिल्या पावसाआधी तपासा. अहवाल लोकांसमोर ठेवा. रोग आढळला तर ते झाड मातीसकट उचलून नष्ट करा आणि तपासणी होईपर्यंत पुढची गाडी राज्याच्या हद्दीवरच थांबवा. आणि रोपे हवीच असतील तर ती वन विभागाच्या जवळच्या रोपवाटिकेत, इथल्या बियांपासून वाढवा. त्याला तीन-चार वर्षे लागतील. लागू देत.