इतर हक्कांतला वारसा

१८ एप्रिल हा जागतिक वारसा दिन. जुलै २०२५मध्ये साल्हेरपासून जिंजीपर्यंतचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, तेव्हापासून वारसा हा शब्द आपल्याकडे गडावरच जाऊन बसला आहे. गडांचा अभिमान आम्हालाही आहे. पण शब्दाचा मुक्काम बराच काळ पायथ्याच्या गावात होता.

वारस मूळचा अरबी, आणि मिरास त्याचीच सख्खी बहीण. मिरासदाराची जमीन पिढीजात. बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. वतनही अरबीच. तिकडे त्याचा अर्थ मायभूमी, मराठीत मात्र वंशपरंपरेचे काम आणि त्यापोटी मिळणारी जमीन. पाटील वतनासाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडले. महारांना त्याच वतनाने तुटपुंज्या जमिनीच्या बदल्यात अष्टौप्रहर राबणुकीला बांधले. तोही वारसाच. वतनाचा कायदा बदलण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. वतन संपायला त्यानंतर तीसेक वर्षे गेली.

आता तलाठ्याचे दप्तर. गाव नमुना सहा-क ही वारस नोंदवही. बाप गेला की नावे आधी तिथे चढतात, मग फेरफार, मग सातबारा. जुने उतारे काढून पाहावेत: भाऊ कब्जेदार, आणि बहिणी 'इतर हक्कां'त, सोसायटीच्या बोज्याखाली, विहिरीच्या हिश्श्याशेजारी.

महाराष्ट्राने १९९४ साली, केंद्राच्या अकरा वर्षे आधी, हिंदू एकत्र कुटुंबातील मुलीला मुलाइतका वाटा दिला. त्याआधी लग्न झालेल्यांना मात्र वगळले. २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने तीही अट गेली. तरी हक्कसोडपत्रे निघतातच. तेरावे उरकलेले असते, बहिणी अजून माहेरीच असतात, आणि थोरला हळूच म्हणतो, "अक्का, तुझी एक सही राहिलीय." नाही म्हटले तर दिवाळीचे बोलावणे बंद. फेरफारात एवढेच उरते: हक्कसोड केल्याने नाव कमी केले.

मायेपोटी हक्क सोडणाऱ्या बहिणी असतात, नाही असे नाही. पण मायेपोटी बहिणीच्या नावे हक्क सोडणाऱ्या भावाचा फेरफार आमच्या तरी पाहण्यात आलेला नाही.

अक्का परत निघते तेव्हा पिशवीत आईचे पितळी पातेले असते, एवढे तरी ती मागून घेते. त्याच्या काठावर नाव घातलेले असते. बापाचे.