मँचेस्टरचं विमान कोणासाठी?

2025 च्या जुलैत इंडिगोनं मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमला विमानं सोडली, तेव्हा आमच्या सकाळच्या कट्ट्यावर पहिला शेरा पडला तो असा : नांदेड-सोलापूरच्या माणसाला धड विमान मिळत नाही आणि हे निघाले साहेबाच्या देशात मिरवायला!

ऐकायला गोड वाटणारा हा आक्षेप हिशेबात मात्र टिकत नाही. नांदेडला चालतं ते पन्नास-ऐंशी आसनांचं लहान विमान. मँचेस्टरला निघालेलं बोइंग 787 तीनशेहून अधिक आसनांचं, आणि तेही नॉर्वेच्या नॉर्स कंपनीकडून भाड्यानं आणलेलं. ते मँचेस्टरला गेलं नाही म्हणून नांदेडला थोडंच उतरणार आहे? लहान गावांचं घोडं पेंड खातं ते मुंबईत. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच कामाला येते, आणि सकाळ-संध्याकाळचे स्लॉट केव्हाच भरलेले असतात. परदेशी विमानही स्लॉट खातंच, हे कबूल. पण आठवड्यातून तीनदा उडणारं विमान खाऊन खाऊन किती खाणार? नवी मुंबईचा विमानतळ 25 डिसेंबर 2025 ला वाहतुकीला खुला झाला. नांदेडसाठी भांडायचंच तर तिथल्या स्लॉटसाठी भांडा, मी येतो सोबत.

दुसरा आक्षेप जास्त शहाणा आहे. दुबई-दोहामार्गे स्वस्तात जाता येतं, मग थेट विमानाचा आग्रह कशाला? खरं आहे, पुष्कळदा ते स्वस्त पडतं. पण ते कसं, हेही बघायला हवं. आखाती कंपन्या पन्नास गावांची माणसं एका विमानतळावर आणतात, तासा-दोन तासांत त्यांची उलटापालट करतात आणि पुढच्या पन्नास गावांना रवाना करतात. प्रवासी आपला आणि पोचायचं इंग्लंडला, पण मधली दुकानं, हँगर, नोकऱ्या सगळं तिसऱ्याच्या अंगणात. नागपूरकर तर थेट दोह्याला उडतो. त्याच्या वाटेत मुंबई लागतच नाही.

यात आखातातल्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पायात बेडी आपणच घातली होती. पाच वर्षं आणि वीस विमानं पुरी झाल्याखेरीज भारतीय कंपनीनं देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही, असा नियमच होता. 4 ऑगस्ट 2006 ला पहिलं उड्डाण केलेल्या इंडिगोला दुबई गाठायला 1 सप्टेंबर 2011 उजाडावा लागला. पाच वर्षांची ती अट 2016 मध्ये गेली, तोवर दुबईचं बस्तान पक्कं बसलं होतं. दुसरीकडे आपण उलटं टोक धरलं. भारत-दुबई मार्गावर दोन्ही बाजूंच्या कंपन्यांना आठवड्याला सुमारे 65 हजार आसनांची मर्यादा 2014 साली ठरली. एमिरेट्स ती वाढवून मागते आणि दिल्ली हात आखडते. कुंपण घालायला माझी हरकत नाही. पण आत पेरणीच केली नाही, तर त्या कुंपणाचा भुर्दंड फक्त प्रवाशाच्या तिकिटात दिसतो. मँचेस्टरचं विमान म्हणजे ती पेरणी.

मुंबईची जमीन या पिकाला चांगली आहे. पाकिस्ताननं 24 एप्रिल 2025 ला भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि इंडिगोला अल्माटी, ताश्कंद सोडून द्यावं लागलं. दिल्लीहून वळसा घालून तिथवर पोचणं त्यांच्या लहान विमानांच्या आवाक्यात राहिलं नाही. मुंबईहून पश्चिमेला निघालेलं विमान मुळातच अरबी समुद्रावरून जातं. त्यात आता एअरबसचं ए321 एक्सएलआर आलं. आसनं दोनशेच्या आत, पल्ला 8,700 किलोमीटरचा. जिथे रोज तीनशे माणसं जमणार नाहीत अशा अथेन्ससारख्या गावाला मुंबईहून थेट जाणं त्यामुळेच परवडू लागलं.

आता आमच्याच पक्षातल्या भक्तांशी दोन शब्द. नकाशावर टाचण्या मोजून छाती फुगवणारी ही मंडळी विरोधकांपेक्षा जास्त नुकसान करतात. 2025 च्या डिसेंबरात वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पाळायला माणसं कमी पडली आणि 5 तारखेच्या एका दिवसात इंडिगोची हजारावर उड्डाणं रद्द झाली. विमानं होती, टाचण्या होत्या, चालवणारे नव्हते. आणि आठवड्यातून तीनदा जाणाऱ्या विमानाला मी सेवा म्हणत नाही, मुहूर्त म्हणतो. एक फेरी चुकली की दोन दिवस बॅगेवर बसून राहा. पाच नव्या गावांना तीन-तीन फेऱ्या वाटण्यापेक्षा दोनच गावांना रोज विमान न्या. आखाताला टक्कर द्यायची तर ती अशी देता येईल.

माझी मावशी लेकीच्या बाळंतपणाला मँचेस्टरला निघाली होती. गुडघे दुखतात, इंग्रजी बेताचं. मागच्या खेपेला मधल्या विमानतळावर अपरात्री गेट शोधताना रडकुंडीला आली होती. थेट विमानाची बातमी मी मोठ्या हौसेनं सांगितली. तिनं डिंकाचे लाडू डब्यात भरता भरता विचारलं, "रोज असतं का रे?"

नाही म्हटलं.

"मग मेलं बाळ काय वार बघून येणार आहे?" म्हणाली, आणि दुबईमार्गेच तिकीट काढायला लावलं.