मात्रा यंत्राची, जबाबदारी डॉक्टरांची

गुडघेदुखी किंवा पक्षाघातामुळे ट्रेडमिलवर चालू न शकणाऱ्यांच्या हृदयाची ताणचाचणी औषध देऊन केली जाते. डोब्युटामिनची मात्रा साधारणतः दर ३ मिनिटांनी वाढवावी लागते. हे काम संगणकाकडे सोपविणाऱ्या ‘जेनेसा’ यंत्रणेला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये मंजुरी दिली. हृदयाचे ठोके मोजून ती आर्ब्युटामिनचा वेग स्वतःच ठरवीत असे. मात्र, बाजारात ती टिकली नाही. २००८ मध्ये रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या रेगाडेनोसॉनला मंजुरी मिळाली, ०.४ मिलिग्रॅमच्या एकाच इंजेक्शनामुळे तेथे मात्रा वाढविण्याचा प्रश्नच उरला नाही. यंत्र ठोके मोजते. छातीतील कळ मात्र रुग्णच सांगतो आणि चाचणी थांबविण्याचा निर्णय डॉक्टरांनाच घ्यावा लागतो. स्वयंचलनाचे मोल याच मर्यादेत जोखायला हवे.